सातारचे नर, मयेच्या माद्या

गोव्याहून मासे आणणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. बर्फाचा डबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे आणि बसभर पसरलेला वास. गोव्याला मासे घेऊन जाणारा माणूस मात्र आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, असं कंडक्टरने मला कोल्हापूर सोडता सोडता सांगितलं. डब्यात काय आहे हे त्याने विचारलं होतं आणि मी खरं उत्तर दिलं होतं. त्याने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि "मग रत्नागिरीला आंबे कधी नेताय?" एवढं विचारून तिकीट दिलं.

डब्यात दोन नर होते. रेनबो म्हणतात त्या माशांपैकी बोसमनी नावाचे. पुढचा अर्धा मासा पावसाळी आभाळासारखा निळा, मागचा अर्धा नारिंगी; रंगवणाऱ्याने कमरेपाशी येऊन डबा बदलावा तसा. यांच्या वंशाची पहिली जोडी माझ्या एका शेजाऱ्याची. तो परदेशी कायमचा जाताना ती माझ्याकडे ठेवून गेला, आणि ग्रंथालयातल्या नोकरीच्या उरलेल्या सगळ्या वर्षांत मी त्यांचा वंश बाहेरचा एकही मासा मिसळू न देता वाढवला. दुकानात मिळणारे बोसमनी बहुधा सरमिसळीचे असतात. त्यांची ती कमरेवरची सीमारेषा विटत जाते आणि काही पिढ्यांनी चहाच्या डागासारखी दिसू लागते. रेनबो मासे कोणाशीही संसार थाटतात. बंधनं पाळायची ती पाळणाऱ्याने. माणसांच्या बाबतीत माझं मत याच्या नेमकं उलट आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या साताऱ्यातल्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. हवेचा पंप बंद पडून, वीज येईपर्यंत मोठ्या टाकीच्या गर्दीतले सगळे मासे गेले. दुसऱ्या खोलीत वेगळे काढलेले दोन नर तेवढे वाचले. नुसत्या नरांचा वंश चालत नाही. या वंशाच्या माद्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या : डिचोली तालुक्यातल्या मयेला, माझ्या मुलीच्या सासरी. वृंदाने लग्नानंतर काही पिलं नेली होती. तिच्याकडचा एक नर झाकणाच्या फटीतून उडी मारून गेला, बाकीचे म्हातारे होऊन. माझ्याकडे नर, तिच्याकडे माद्या. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर मी नर घेऊन जायचं आणि अंडी घेऊन परतायचं, असं ठरलं. अंडी ओल्या कापसात गुंडाळली की डब्यातून खुशाल प्रवास करतात. मोठे मासे करतात त्यापेक्षा बरा.

धारगळ

जावई समीर पेडण्याला नोकरीला. तो हायवेवर धारगळला गाडी घेऊन थांबला होता. त्याच्या मागे शुभेच्छांचे फलक ओळीने उभे. त्यांतल्या एकावर तर गणपती शोधावा लागत होता. शुभेच्छुक मात्र कानाच्या पाळीपर्यंत स्पष्ट. समीरने डबा मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. मी पट्टा बांधला की नाही, हे त्याने विचारलं नाही. मला हा मुलगा आवडतो.

रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही पातळ भाजी आणि उंडे खाल्ले. उंडे म्हणजे गोलसर, कडक पाठीचे पाव. आमच्याकडे पाव हे आजाऱ्याचं नाहीतर वड्याभोवती गुंडाळायचं अन्न. इथे तो सन्मानाने एकटा येतो. मालकाने समीरला विचारलं, सासरे आले वाटतं चवथीला? समीरने हो म्हटलं आणि मासे आणल्याचंही सांगितलं. मालक थोडा गंभीर झाला. श्रावणापासून त्याच्या घरी मासळी बंद होती, आणि आता या सणाच्या दिवसांत कोणी घाटावरून मासे घेऊन येतो, हे त्याला काही रुचलं नसावं. पाळायचे मासे, म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. निदान तसं दिसलं.

मये

मयेचं तळं पाहायला लोक लांबून येतात. मी त्याच्याकडे पाठ करून वृंदाच्या घराच्या वसरीत, म्हणजे ओसरीवर, बसलो आणि टाक्या पाहिल्या. दोन लांब टाक्या भिंतीला लागून होत्या. एकीत माझ्या वंशाच्या माद्या. दुसरीत बाजारातून आणलेल्या बोसमनींची जोडपी. त्यांची पिलं वृंदा म्हापशाच्या दुकानदारांना देते, बाजारी म्हणून सांगूनच देते. माद्यांना नरांचे रंग नसतात. त्या चंदेरी-पिवळट, साध्या, आणि दोन्ही टाक्यांतल्या अगदी सारख्या. कुठल्या टाकीत आहे, एवढीच त्यांची ओळख.

पाण्याची गोष्ट मला नवी होती. या माशांना जड पाणी लागतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की चहा नाराज होतो, पण मासे खूश. इथे चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मऊ. वृंदाने पहिल्या वर्षी त्यापायी पिलं गमावली, मला कळवलं नाही, आणि स्वतःच उपाय काढला. घरात तिसऱ्या खाल्ल्या की उरलेले शिंपले उकळून, वाळवून पाण्याच्या पिंपात टाकायचे. श्रावणात तिसऱ्या नाहीत, म्हणून आषाढात भरपूर खाऊन शिंपले साठवायचे. घरातल्यांनी विज्ञानाच्या या मागणीला फारसा विरोध केला नाही.

विहीणबाई कमी बोलतात आणि एका जागी बसत नाहीत. त्यांनी डब्यात डोकावून दोन्ही नरांना नीट पाहून घेतलं. त्यांचे भाऊ पांडुमामा इब्रामपूरहून आले होते. लेकीच्या माहेरून चवथीला फळं, गोडधोड यायची इकडे रीत आहे. त्याला वजें म्हणतात. मामा डब्याकडे पाहून म्हणाले, "व्याह्यान वजें हाडलां खरें, पूण खावंक जायना." आणलंत खरं, पण खाता येत नाही. सगळे हसले. मीही हसलो, कारण पेढे आणायला मी विसरलोच होतो.

नरांना एका रुंद घमेल्यात विसावायला सोडलं. वृंदाने बेत सांगितला. वसरीत दरवर्षी गणपती बसतो, तेव्हा टाक्या हलवायच्या. दोन टाक्यांसाठी दोन सिमेंटची कुंडं मागीलदारी धुऊन ठेवली होती. मासे परवा ती स्वतः हलवणार होती. मग माझे नर माद्यांत सोडायचे, सोबत लोकरीचे झुपके. या माशांना अंडी घालायला पाणवनस्पती लागते. हिरव्या लोकरीचा झुपका बुचाला बांधून सोडला तरी त्यांचं समाधान होतं. कलेच्या बाबतीत ते आपल्यासारखेच.

इब्रामपूर

दुसऱ्या दिवशी पांडुमामांबरोबर मी आणि वृंदा इब्रामपूरला गेलो. मामांना माटोळीचं सामान द्यायचं होतं. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचं लाकडी छत. त्याला रानातली फळं, फुलं, सुपारीचे घोस बांधतात. मामा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. आता शेती करतात आणि ट्रकच्या आठवणी काढत नाहीत; आम्हीही काढल्या नाहीत. ते आम्हाला बांधाबांधाने हिंडवत कांगले, घागऱ्या, कवंडळं तोडून पिशवीत टाकत होते. नावं मी विचारत होतो आणि लगेच विसरत होतो. साताऱ्यात आमचा गणपती थर्माकोलच्या राजवाड्यात बसायचा. बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या. रानाचं एक पान त्याच्या वाट्याला येतं ते दूर्वांचं, तेही जुडी बांधलेलं. इथे अख्खं रान त्याच्या डोक्यावर टांगतात.

गोठ्याजवळच्या दगडी दोणीतलं हिरवं पाणी वृंदाने दोन कॅनमध्ये भरून घेतलं. अंड्यातून निघालेली पिलं पापणीच्या केसाएवढी असतात. त्यांना पहिले दिवस हेच पाणी लागतं, त्यातले न दिसणारे जीव हेच त्यांचं जेवण. मामांनी विचारलं की हे घाण पाणी शहरातून आलेल्या बापाला दाखवायला नेतेस का. वृंदा म्हणाली, बापानेच शिकवलंय. मी तिच्या हातातला एक कॅन घेतला.

पुन्हा मये

परतलो तेव्हा वसरी रिकामी होती आणि भिंतीला पहिला हात लागला होता. रंगारी एक दिवस आधीच येऊन उभा राहिला होता, आणि या दिवसांत आलेला रंगारी परत पाठवणं म्हणजे तो दिवाळीला दिसणार. विहीणबाईंनी शेजारच्या दोघींना बोलावून टाक्या रिकाम्या केल्या होत्या. काम किती जपून केलं होतं! टाकीचंच पाणी बादल्यांनी नेलं, मासे ताटलीने उचलले, जाळी घातली नाही, एकाचंही खवलं गेलं नाही. आणि दोन्ही टाक्यांतले सगळे मासे एका कुंडात सोडले. दुसरं कुंड कोरडं होतं.

वृंदाने विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "चवथीक सगळीं एकाच घरांत आसतात. म्हाका दिसलें, ह्यांणींच कित्याक वेगळें रावचें?"

मुंबईहून दीर, मडगावहून नणंद, सगळी त्या रात्री यायची होती. वर्षभर पांगलेलं घर चवथीला एका छपराखाली येतं. मग मासे तेवढे भाऊबंदकी केल्यासारखे वेगळे का?

भांडण होणार, असं मला वाटलं. वृंदा कुंडाच्या काठावर उभी राहिली. वरून पाहिलं तर सगळ्या पाठी सारख्या, काळपट. मग ती सासूकडे वळली. "आई, तुमी जेवल्यात काय?" जेवल्या नव्हत्या. ती आत पानं वाढायला गेली.

जेवणानंतर आम्ही दोघं कुंडापाशी बसलो. बाजारी नर रंगावरून ओळखू येत होते. ते तिने एकेक करून दुसऱ्या कुंडात काढले. उरल्या माद्या. काचेच्या भांड्यात एकेकीला घेऊन आम्ही उजेडात पाहिलं, खूप वेळ पाहिलं. कळायला काही मार्ग नव्हता. माझ्या वंशाच्या सगळ्या माद्या तिथेच होत्या, जिवंत, धडधाकट, आणि तरी हरवलेल्या.

मला अंडी घेऊन घरी जायचं होतं. मी म्हटलं, त्यातल्या त्यात ठळक अंगाच्या चार निवडू. तुझा हात बसलेला आहे, अंदाज चुकणार नाही. आणि चुकलाच तर कोणाला कळणार आहे?

वृंदाने भांड्यातली मादी अलगद परत सोडली.

"कोणाला कळणार नाही ना बाबा," ती म्हणाली, "म्हणूनच नाही."

मी वाद घातला. माझे मासे आहेत, असंही म्हणालो. ती शांतपणे म्हणाली की म्हणूनच अंदाजाने द्यायचे नाहीत. मग तिने तिचा मार्ग सांगितला. प्रत्येक मादी वेगळ्या भांड्यात. तिथे माझा एक नर काही दिवस राहील, मग पुढच्या भांड्यात जाईल. प्रत्येकीची अंडी वेगळी, पिलं वेगळी, वाढवायची वेगळी. पिलांना रंग आला की कोणाची आई कोण ते कळेल. जिची पिलं स्वच्छ निघतील ती आपली. आणि तोवर एकही अंडं घराबाहेर जाणार नाही.

म्हणजे महिने, मी म्हटलं. म्हणजे महिने, ती म्हणाली.

अडचण भांड्यांची होती. चवथीला घरातलं प्रत्येक मोठं भांडं कामात असतं. हे सगळं विहीणबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. माझं चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि बाहेर पडल्या. मी खिडकीतून पाहत होतो. त्या शेजारच्या घरी गेल्या, तिथून पलीकडच्या, मग पलीकडच्या. कोणाकडून टब, कोणाकडून जुनं घंगाळ. घंगाळ तांब्याचं म्हणून वृंदाने परत पाठवलं, तांबं माशांना सोसत नाही. त्या घरातून बदली प्लास्टिकचं पिंप आलं. इतकी भांडी एका अंगणात मावणार नव्हती, म्हणून ती ज्यांची त्यांच्याच पडवीत राहिली आणि माद्याच घरोघरी पाठवायचं ठरलं. दर घराला एक मादी, एक लोकरीचा झुपका, उडी मारू नये म्हणून वर बांधायला मच्छरदाणीचा तुकडा, आणि शिंपल्यांचं पाणी. एका बाईने विचारलं की ही सगळी यातायात कशासाठी, मासाच तो. विहीणबाईंचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"म्हज्या सुनेन सांगलां न्हय? म्हणटकच तशेंच करपाचें."

माझ्या सुनेने सांगितलंय, तेव्हा तसंच करायचं. प्रश्न मिटला. मी ग्रंथालयात सगळी नोकरी घालवली. नियमाची एवढी छोटी आणि एवढी चालणारी भाषा मला कधी लिहिता आली नाही.

चवथ

गणपती आला, माटोळी सजली. पातोळ्या, खतखतें, मुगागाठी. हळदीच्या पानाचा वास घरभर. संध्याकाळी वाडीतली मंडळी घरोघर आरती करत हिंडतात, घुमट वाजवत. घुमट म्हणजे मडक्याला कातडं ताणलेलं वाद्य. आमच्याकडच्या डॉल्बीसारखी त्याने छाती फुटत नाही, पण पिंपातलं पाणी थरथरतं हे मी स्वतः पाहिलं. मासे घाबरून अंडी घालणार नाहीत, अशी मला भीती. आरतीला जाता जाता मंडळी त्या त्या घरच्या पिंपात डोकावत होती. नर ज्या घरी असेल तिथे "न्हवरो आयलो", नवरा आला, म्हणून गलका होई. सातारच्या दोन्ही नरांना एवढं कौतुक जन्मात मिळालं नव्हतं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्यालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाने मला शेजारच्या पडवीत बोलावलं. ऊन नुकतंच उतरत होतं. नर मादीभोवती फिरत होता. त्याच्या कपाळावरून पाठीपर्यंत एक फिकट पट्टा दिव्यासारखा पेटत होता, विझत होता. तो पट्टा सकाळीच दिसतो, आणि फक्त मादीसमोर. वृंदाने झुपका हळूच वर उचलला. धाग्यांना मोहरीहून लहान, काचेच्या मण्यांसारखी अंडी चिकटली होती.

मी हात पुढे केला नाही. हे सांगायला मला बरं वाटतं. घरची बाई कौतुकाने म्हणाली, मग आता हे बाबांना देणार का? वृंदाने मान हलवली आणि झुपका वेगळ्या बरणीत सोडला. वर पट्टी चिकटवून घराचं नाव लिहिलं. बरण्यांची ओळ फळीवर अशीच लागत होती, प्रत्येकीवर एका घराचं नाव.

परत

समीरने मला धारगळला बसमध्ये बसवलं. डब्यात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, होत्या. दोन्ही नर मी मयेलाच ठेवून आलो. घरी आता एकही बोसमनी नाही. टाक्या धुऊन उलट्या घातल्या आहेत. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो की वंश चालू आहे, फक्त पत्ता बदललाय.

शिमग्याच्या सुमारास पिलांना रंग आला. काही बरण्यांची पिलं डागाळलेली निघाली, काहींची अशी निघाली की मी फोनवरचं छायाचित्र मोठं करून करून पाहिलं. कमरेवरची ती रेषा पट्टीने आखल्यासारखी. मी लगेच विचारलं, कधी पाठवतेस? ती म्हणाली, यांची पिलं कशी निघतात ते आधी पाहू दे. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग परवा आमच्या जिल्ह्यातल्या हौशी मत्स्यपालक मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन असतं. त्याच्या उद्घाटनाला पाहुणे इतके आणि हार इतके असतात की माशांच्या गळ्यात पडायचे तेवढे राहतात. यंदा त्यांना अस्सल बोसमनींची एक जोडी मध्यभागी ठेवायची होती. मी म्हटलं, माझ्याकडे नाहीत, मुलीकडे मागा, आणि नंबर दिला. बजावलंही, की मिळतील असं नाही. ते हसले. अध्यक्षांना कोणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन. आवाजात तक्रार होती. आपण कोण, मंडळ किती जुनं, कोणाच्या हस्ते उद्घाटन, सगळं सांगून झालं. आणि तुमची मुलगी म्हणते, अजून खात्री झालेली नाही, झाल्याशिवाय देत नाही, माझ्या वडिलांनाही दिलेले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, काय म्हणाली ते परत सांगा.

त्यांनी परत सांगितलं. ऐकू मला पहिल्या वेळीच स्वच्छ आलं होतं.